मोठ्या शहरातलं कलाप्रदर्शन कसं पाहावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मोठ्या शहरातल्या कलासंग्रहालयात एकाच छपराखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे संग्रहालयाचा स्वतःचा संग्रह, जो वर्षानुवर्षं बहुधा त्याच दालनांत असतो. दुसरी म्हणजे तात्पुरती प्रदर्शनं. ती साधारण तीन-चार महिने चालतात, मग चित्रं भिंतीवरून उतरवली जातात, पेट्यांत भरली जातात आणि जिथून आली तिथे परत जातात. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

तात्पुरत्या प्रदर्शनाला का जायचं, याचं माझं उत्तर एकच आहे: शेजार पाहायला. एरवी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या इमारतींत राहणारी चित्रं तिथे काही आठवडे एकमेकांच्या बाजूला येतात. उदाहरण सांगतो. २०२३ साली आधी पॅरिसच्या म्युझे दॉर्सेत आणि मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये माने आणि देगा या फ्रेंच चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन झालं. दोघे समकालीन, मित्र आणि प्रतिस्पर्धीही. देगाने माने आणि त्याच्या बायकोचं एक चित्र काढलं होतं. बायकोचा चेहरा मानेला आवडला नाही, असं सांगतात, आणि त्याने कॅनव्हासचा तो भागच कापून टाकला. ते कापलेलं चित्र एरवी जपानमधल्या किताक्युशूला असतं. मानेचं ‘ऑलिंपिया’ पॅरिसला असतं आणि या प्रदर्शनाच्या निमित्तानेच ते पहिल्यांदा अमेरिकेत गेलं. यातलं एकेक चित्र पुढेमागे कुणालाही पाहता येईल. दोघांची कामं समोरासमोर ठेवून जे दिसत होतं, ते मात्र त्या काही महिन्यांपुरतंच होतं.

हे एकदा मनात पक्कं झालं की तयारीची दिशा ठरते. तारखा आधी बघाव्या लागतात, आणि दालनात गेल्यावर एकट्या प्रसिद्ध चित्रामागे न धावता त्याच्या आजूबाजूला काय लावलंय तेही बघावं लागतं.

१. काय चालू आहे ते शोधा आणि त्यातलं एकच निवडा

शोध थेट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घ्या. तिथे बहुतेक ठिकाणी ‘सध्या’, ‘आगामी’ आणि ‘मागील’ असे भाग असतात. शहरातल्या दोन-तीन मोठ्या संग्रहालयांबरोबर विद्यापीठांची कलादालनं आणि एखाद्याच चित्रकाराला वाहिलेली लहान संग्रहालयंही पाहा. नवख्याला ती जास्त मानवतात, कारण तिथे गर्दी कमी असते आणि दोन-तीन खोल्यांत प्रदर्शन संपतं.

प्रदर्शनांचे ढोबळ प्रकार माहीत असले की निवड सोपी जाते. एकाच कलावंताचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रवास दाखवणारं सिंहावलोकनी प्रदर्शन. दोन-तीन कलावंतांना समोरासमोर ठेवणारं. एखाद्या विषयाभोवती, काळाभोवती किंवा चळवळीभोवती गुंफलेलं. एखाद्या दुसऱ्या संग्रहालयाचा किंवा खाजगी संग्रह पाहुणा म्हणून आलेला. आणि एखादंच चित्र मध्यभागी ठेवून त्याची कच्ची रेखाटनं, क्ष-किरण छायाचित्रं, त्याच विषयावरची इतर चित्रं भोवती लावलेलं छोटं प्रदर्शन. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला एका कलावंताचं किंवा एका चित्राभोवतीचं प्रदर्शन निवडा. विषयवार प्रदर्शनं आकर्षक वाटतात, पण तिथे प्रत्येक भिंतीवर नवा काळ, नवं तंत्र आणि नवं नाव येत राहतं. मागची ओळख नसेल तर अर्ध्या वाटेत डोकं थकतं.

आणखी एक तपासणी करा. अनेक महानगरांत हल्ली मोठ्या हॉलच्या भिंतींवर आणि जमिनीवर प्रसिद्ध चित्रांच्या प्रतिमा प्रोजेक्टरने दाखवणारे ‘इमर्सिव्ह’ कार्यक्रम होतात. जाहिरातीत चित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, पण सहसा तिथे त्याच्या हातचं एकही चित्र नसतं. तो अनुभव हवा असेल तर जरूर घ्या. मूळ चित्रं पाहायची असतील तर तिकीट काढण्याआधी प्रदर्शन कुठल्या संग्रहालयात आहे आणि कलाकृती कुठून आल्या आहेत, हे वाचून घ्या.

एका दिवसात एकच प्रदर्शन. शहरात दोनच दिवस असलात तरी हेच.

२. तारखा नीट वाचा

उद्घाटनानंतरचा पहिला आठवडा आणि शेवटचे दोन आठवडे हा गर्दीचा काळ. मधल्या आठवड्यांतला कामाचा दिवस सर्वांत निवांत. इतकं बहुतेकांना माहीत असतं. पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेच्या मध्येही प्रदर्शन बदलत असतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

२०२३ साली अॅमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकातल्या वर्मीर या डच चित्रकाराचं प्रदर्शन १० फेब्रुवारी ते ४ जून असं चाललं. वर्मीरची आज ओळखली जाणारी चित्रं जेमतेम ३७ च्या आसपास. त्यांतली २८ तिथे एकत्र आली होती. पण सगळ्यांत लाडकं ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’ मार्चअखेरीलाच हेगमधल्या आपल्या घरी परत गेलं. एप्रिल-मे महिन्यात केवळ त्या मुलीसाठी तिकीट काढणाऱ्याला प्रदर्शन मिळालं असतं, मुलगी नाही. म्हणून एखाद्या विशिष्ट चित्रासाठी जात असाल तर संकेतस्थळावर त्याच्या पानावर ‘अमुक तारखेपर्यंतच’ अशी ओळ आहे का ते बघा.

कागदावरच्या कामांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. जलरंग, रेखाटनं, छापचित्रं, छायाचित्रं आणि कापड यांना प्रकाशाने इजा होते आणि ती इजा साठत जाते. अंधारात ठेवल्याने भरून येत नाही. म्हणून अशी कामं काही आठवडे लावून उतरवतात आणि त्यांच्या जागी दुसरी लावतात. जपानी संग्रहालयांत प्रदर्शनाच्या यादीत कुठलं काम कुठल्या तारखांना भिंतीवर असेल हे स्पष्ट छापलेलं असतं. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात जर्मन चित्रकार ड्यूररने १५०२ साली काढलेला ससा आहे. जगभर त्याच्या प्रतिमा दिसतात, मूळ चित्र मात्र क्वचितच बाहेर काढतात. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोची गोष्ट तर सुंदर आहे. हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाच्या मृत्युपत्रातून इंग्लिश चित्रकार टर्नरची ३८ जलरंग चित्रं १९०० साली तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाला मिळाली, आणि त्यात अट होती की ती फक्त जानेवारी महिन्यात, एकत्र आणि विनामूल्य दाखवावीत. जानेवारीत तिथला उजेड फार मंद असतो. सव्वाशे वर्षांनंतरही त्या चित्रांचे रंग ताजे आहेत, त्याचं श्रेय या अटीला जातं.

साप्ताहिक सुट्टीचा दिवस गृहीत धरू नका. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण पॅरिसमध्येच म्युझे दॉर्से सोमवारी तर लूव्र मंगळवारी बंद. उलट आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी संग्रहालय उशिरापर्यंत उघडं ठेवण्याची पद्धत आहे: लंडनची नॅशनल गॅलरी शुक्रवारी, मेट्रोपॉलिटन शुक्रवारी आणि शनिवारी, दॉर्से गुरुवारी. सहली आणि शाळांचे गट गेलेले असतात, दालनं शांत होतात. नोकरी करणाऱ्यांनी ही संध्याकाळ आधी शोधावी.

३. तिकीट

इथे नवख्यांचा एक गोंधळ ठरलेला. संग्रहालयाचा प्रवेश आणि तात्पुरत्या प्रदर्शनाचा प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत किंवा टेट मॉडर्नमध्ये कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो, पण मोठ्या तात्पुरत्या प्रदर्शनांना वेगळं तिकीट लागतं. काही ठिकाणी एकाच तिकिटात सगळं येतं. काही ठिकाणी एकच तिकीट असतं, तरी प्रदर्शनासाठी वेळ वेगळी राखून ठेवावी लागते. संकेतस्थळावरचा तिकिटांचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

वेळेचं तिकीट म्हणजे ठरावीक अर्ध्या तासाच्या आत प्रवेश. एकदा आत गेलात की सहसा हवा तितका वेळ थांबता येतं, पण बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत. त्यामुळे पाणी पिणं, प्रसाधनगृह, फोन हे सगळं आधी उरकून घ्या.

लोकप्रिय प्रदर्शनाचं तिकीट लवकर काढा. वर्मीरच्या त्या प्रदर्शनाची तिकिटं उद्घाटनानंतर काही दिवसांतच संपली आणि संग्रहालयाला वेळ वाढवून आणखी तिकिटं सोडावी लागली. यातून दोन गोष्टी घ्याव्यात: वाट पाहू नये, आणि संपली म्हणून लगेच आशा सोडू नये. अधूनमधून संकेतस्थळ उघडून पाहत राहा, पण तिकीट संग्रहालयाकडूनच घ्या. चढ्या भावाने विकणाऱ्या मध्यस्थांकडची तिकिटं नावावर असल्यास दारावर चालत नाहीत.

विद्यार्थी, ज्येष्ठ, दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे सोबती यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते. ओळखपत्र जवळ ठेवा. विनामूल्य प्रवेशाचे ठरावीक तासही असतात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात रोज शेवटचे दोन तास तसे असतात. पण त्या तासांत रांग मोठी असते आणि वेळ थोडा. पैसे वाचवणं गरजेचं असेल तर दोन-तीनच दालनं ठरवून जा, त्यात कमीपणा काही नाही.

वेळ कुठली निवडायची? दिवसातली पहिली, किंवा बंद व्हायच्या दोन-अडीच तास आधीची. भर दुपार टाळा.

४. आदल्या संध्याकाळी

अर्धा तास पुरतो. संग्रहालयाने लिहिलेला परिचय वाचा. कलावंत कुठल्या काळातला, कुठे राहिला, काय करून पोट भरत होता, एवढं कळलं तरी बस. सगळी चित्रं फोनवर आधीच पाहून ठेवण्याचा मोह टाळा. एकदोन कामं निवडा आणि त्यांचं माप पाहून ठेवा. पडद्यावर सगळी चित्रं एकाच आकाराची होतात, आणि हा फोटोचा सर्वांत मोठा खोटेपणा आहे. डालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र फक्त २४ बाय ३३ सेंटीमीटर आहे, वहीच्या पानाएवढं. पिकासोचं ‘गेर्निका’ साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. एकासमोर वाकावं लागतं, दुसऱ्यासमोर चालावं लागतं. माप आधी माहीत असेल तर प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर होणारा धक्का कमी होत नाही, उलट तो का होतोय ते कळतं.

५. काय न्यायचं

आरामदायी बूट, छोटी वही, पेन्सिल. पेन नको, बऱ्याच दालनांत शाईला मनाई असते, कारण शाईचा डाग काढता येत नाही. पाठीवरची सॅक क्लोकरूममध्ये ठेवायला किंवा पोटावर घ्यायला सांगतात, कारण मागे वळताना ती चित्राला लागते आणि आपल्याला कळतही नाही. ओली छत्री आत चालत नाही. एक पातळ स्वेटर घ्या. कलाकृतींसाठी तापमान स्थिर ठेवलेलं असतं आणि तासाभराने थंडी वाजते.

चष्मा लागत असेल तर जवळचा आणि लांबचा, दोन्ही घ्या. हे कुणी सांगत नाही. लेबल जवळून वाचायचं असतं आणि चित्र लांबून पाहायचं असतं.

६. दारात

प्रवेशाच्या भिंतीवर मोठा मजकूर असतो. तिथे गर्दी अडकते. तो प्रदर्शन उभं करणाऱ्या क्युरेटरने लिहिलेला असतो आणि त्यात बहुधा एक दावा असतो: हा चित्रकार लोक समजतात तसा नव्हता, किंवा या दोघांनी एकमेकांकडून अमुक उचललं. तो दावा शोधा आणि लक्षात ठेवा. आतली प्रत्येक भिंत त्या दाव्याचा पुरावा म्हणून लावलेली असते. शेवटी तो तुम्हाला पटला की नाही हे ठरवायचा अधिकार तुमचा आहे, आणि हा अधिकार वापरायला कलेची पदवी लागत नाही.

दालनांचा नकाशा घ्या आणि एकूण किती खोल्या आहेत ते पाहा. ऑडिओ गाइड पहिल्या खेपेला घेऊ नका असं मी म्हणेन. तो चांगला असला तरी कुठे थांबायचं आणि किती वेळ थांबायचं हे तोच ठरवतो. मार्गदर्शकासोबतची फेरी असेल तर मात्र ती जरूर घ्या, कारण माणसाला प्रश्न विचारता येतो.

७. दोन फेऱ्या मारा

सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी पायरी हीच.

२००१ साली मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रेक्षक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी आली २७.२ सेकंद, आणि मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या प्रेक्षकाचा वेळ, फक्त १७ सेकंद. त्यातलाही काही वेळ लेबल वाचण्यात जातो. दुसरीकडे थकवाही खरा आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला. कपाटांतल्या वस्तू आणि लेबलं वाचायला माणसाला किती वाकावं, ओणवं व्हावं लागतं याचे फोटोच त्यांनी काढून घेतले होते. म्हणजे प्रत्येक गोष्ट थोडी थोडी पाहत गेलं की पाहणंही होत नाही आणि पायही दुखतात. यावर उपाय म्हणजे दोन फेऱ्या.

पहिली फेरी वेगात. पंधरा-वीस मिनिटांत पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत चालत जा. लेबल वाचू नका. मधल्या भागात उभं राहून भिंती बघत चला आणि ज्या कामापाशी पाऊल आपोआप मंदावेल ते नकाशावर पेन्सिलने खुणवा. कारण शोधू नका. गर्दीच्या वेळेस याचा आणखी एक फायदा होतो: पहिल्या दोन खोल्यांत माणसं दाटलेली असतात, शेवटच्या खोल्या मोकळ्या असतात. परत मागे जाऊ देतात ना, एवढं दारातल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या. एकमार्गी प्रदर्शन असेल तर हीच पद्धत खोलीगणिक वापरा: खोलीत शिरल्यावर आधी मध्यभागी उभं राहून चारही भिंती पाहा, मगच जवळ जा.

दुसरी फेरी संथ. खुणा केलेल्यांपैकी पाच-सहाच कामं घ्या आणि प्रत्येकासमोर निदान पाच मिनिटं द्या. पाच मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, चित्रासमोर ती लांब असतात. दुसऱ्या मिनिटाला ‘पाहून झालं’ असं वाटतं. तिथेच थांबून राहायचं, कारण खरं दिसायला त्यानंतर लागतं.

पाहायचं कसं? आधी लांबून, चित्र डोळ्यांत पूर्ण मावेल इतक्या अंतरावरून. मग जमिनीवरची पट्टी किंवा दोरी परवानगी देईल तितकं जवळ. मग थोडं बाजूला सरकून तिरकं, म्हणजे रंगाचा उंचवटा आणि कुंचल्याचे फटकारे उजेडात उठून दिसतात. फोटोत हे कधीच येत नाही. स्वतःला साधे प्रश्न विचारा. उजेड कुठून येतोय? चित्राच्या कडेला काय कापलं गेलंय? कुणाची नजर कुणाकडे आहे? सगळ्यांत जाड रंग कुठे थापलाय आणि कॅनव्हास कुठे उघडा राहिलाय? चित्रकार इथे चुकून मागे फिरला असेल का? रंगाच्या पातळ थराखालून कधीकधी आधीच्या हाताची किंवा टोपीची जागा डोकावते, ती शोधायला मजा येते.

त्यानंतर शेजार. दोन पावलं मागे या आणि विचारा, याच्या बाजूला हेच का लावलं? दोघांत तोच माणूस आहे, तीच खोली आहे, तोच निळा आहे, की एकाने दुसऱ्याला दिलेलं उत्तर आहे? भिंतीचा रंग पाहा. एका खोलीतून दुसरीत जाताना तो बदलला असेल तर बहुधा विषय किंवा काळ बदललाय. चित्रांचा मध्य साधारण जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचा प्रघात आहे. एखादं मुद्दाम वर किंवा खाली लावलं असेल तर त्यामागे कारण असतं. एका भिंतीवर एकच चित्र असेल तर क्युरेटर तुम्हाला थांबायला सांगतोय. आणि दारातून पलीकडच्या खोलीतलं कुठलं चित्र दिसतं ते नक्की बघा. ती रेषा आखण्यात माणसांनी बराच वेळ घालवलेला असतो.

बाक दिसला की बसा. बाक बहुधा अशाच चित्रासमोर ठेवतात, ज्याला वेळ द्यावा लागतो.

दालन अंधारलेलं वाटलं तर तक्रार करू नका. कागदावरच्या कामांसाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, तैलचित्रांना त्याच्या तीन-चार पट चालतो. डोळ्यांना सरावायला काही मिनिटं द्या. उजळलेल्या फोनकडे पाहिलंत की तो सराव मोडतो.

८. लेबल वाचायला शिका

चित्र पाहून झाल्यावर लेबल. आधी नाही. तिथे पुष्कळ माहिती थोड्या जागेत दडलेली असते.

नावाच्या मागेपुढे काय लिहिलंय ते नीट पाहा. नुसतं ‘रेम्ब्रांट’ म्हणजे काम त्याच्या हातचं असं संग्रहालयाचं मत. ‘रेम्ब्रांटच्या नावे’ म्हणजे बहुधा त्याचं, पण खात्री नाही. ‘रेम्ब्रांटची कार्यशाळा’ म्हणजे त्याच्या देखरेखीखाली शिष्यांनी केलेलं. ‘रेम्ब्रांटचा अनुयायी’ म्हणजे त्याच्या धाटणीत काम करणारा कुणीतरी, कदाचित नंतरचाही. आणि ‘रेम्ब्रांटनंतर’ (इंग्रजीत ‘आफ्टर’) असा शब्द असेल तर ती मूळ कामावरून केलेली नक्कल. वर्षाच्या आधी ‘सिर्का’ किंवा त्याचं आद्याक्षर असेल तर साल अंदाजे आहे.

मग माध्यम: लाकडी फळीवर टेम्परा (बहुधा अंड्याच्या बलकात कालवलेले रंग), कॅनव्हासवर तैलरंग, कागदावर गॉश (अपारदर्शक जलरंग), लिथोग्राफ (सपाट दगडावरून काढलेलं छापचित्र). छापचित्राच्या खाली ‘१२/५०’ असं दिसलं तर पन्नास प्रतींतली बारावी. कांस्यशिल्पांचंही तसंच; एकाच साच्यातून अनेक प्रती निघतात, आणि फ्रान्समध्ये मूळ म्हणून गणल्या जाणाऱ्या प्रतींची मर्यादा १२ आहे. म्हणून फ्रेंच शिल्पकार रोदँचं एकच शिल्प वेगवेगळ्या शहरांत ‘खरं’ असू शकतं.

शेवटची ओळ बहुतेक लोक सोडून देतात, मला ती सर्वांत आवडते. काम कुणाकडून उसनं आलंय, किंवा कुणी दान दिलं, हे तिथे असतं. ‘खाजगी संग्रह’ असं लिहिलं असेल तर जास्त थांबा. ते काम पुन्हा केव्हा लोकांसमोर येईल सांगता येत नाही. कधी या ओळीत प्रदर्शनामागचं कारणही सापडतं: न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनची इमारत नूतनीकरणासाठी बंद होती, म्हणूनच त्यांची तीनही वर्मीर चित्रं २०२३ साली अॅमस्टरडॅमला जाऊ शकली. संग्रहालयाच्या स्वतःच्या कामांवर नोंदणी क्रमांक असतो आणि तो बहुधा मिळवल्याच्या वर्षाने सुरू होतो. अमेरिकन चित्रकार सार्जंटच्या ‘मादाम एक्स’चा मेट्रोपॉलिटनमधला क्रमांक १६.५३ आहे, कारण ते चित्र १९१६ साली तिथे आलं.

९. चित्र नसलेली कामं

व्हिडिओच्या दालनाबाहेर कालावधी लिहिलेला असतो, तो आधी वाचा. दहा-बारा मिनिटांचा असेल तर बसून पूर्ण पाहा. कित्येक तासांचा असेल तर मधूनच शिरून मधूनच बाहेर यायला कलावंताची हरकत नसते. शिल्पाभोवती पूर्ण चक्कर मारा. पाठ पाहिल्याशिवाय शिल्प पाहिलं असं होत नाही. मांडणशिल्पात, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेल्या कामात, शिरायचं असतं की बाहेरून बघायचं, हे कळत नसेल तर सरळ सुरक्षारक्षकाला विचारा. फेलिक्स गोन्झालेस-तोरेस यांचं १९९१ सालचं एक काम म्हणजे कोपऱ्यात रचलेला रंगीत कागदांत गुंडाळलेल्या खायच्या गोड गोळ्यांचा ढीग आहे, आदर्श वजन १७५ पौंड. एड्सने गेलेल्या त्यांच्या जोडीदाराचं ते व्यक्तिचित्र आहे. प्रेक्षकांनी त्यातली गोळी उचलायची असते, ढीग हळूहळू घटतो आणि पुन्हा भरला जातो. हे ठाऊक नसलेला माणूस हात मागे बांधून पुढे निघून जातो, आणि कामाचा गाभाच त्याच्या हातून निसटतो. पण अशी परवानगी स्पष्ट असल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. कोरडी स्वच्छ बोटंही आपला घाम आणि तेल मागे सोडतात.

१०. दालनातली वागणूक

चित्राकडे बोट दाखवताना हात लांब करू नका. चित्र आणि दुसरा प्रेक्षक यांच्यामधून जाणं टाळा, मागून जा.

फोटोचे नियम जागोजागी वेगळे आहेत. प्रादोच्या दालनांत फोटोला मनाईच आहे. इतर अनेक ठिकाणी फ्लॅशशिवाय चालतो. तात्पुरत्या प्रदर्शनात कधीकधी एकाच खोलीतल्या काही कामांचा फोटो चालतो आणि काहींचा नाही, कारण उसनं देणाऱ्याची अट किंवा स्वामित्वहक्क असतो. लेबलवरचं कॅमेऱ्याचं चिन्ह बघा. परवानगी असली तरी आधी पाहा, मग फोटो काढा, आणि चित्राच्या फोटोबरोबर लेबलचाही काढा.

फोटोपेक्षा रेखाटन करून बघा असा माझा आग्रह आहे. रायक्सम्युझियमने २०१५ साली प्रेक्षकांना कॅमेरा बाजूला ठेवून पेन्सिल हातात घ्यायचं आवाहन केलं होतं. चित्र काढता येत नाही ही अडचणच नाही. चौकटीत मोठे आकार कुठे आहेत एवढंच वहीत उतरवा. हात चालतो तेव्हा डोळे एरवी चुकवलेल्या जागी जातात.

मुलांना घेऊन गेलात तर प्रदर्शन निम्मंच पाहायचं ठरवून जा. त्यांना लेबल वाचून दाखवू नका, शोधायला काहीतरी द्या: या खोलीत किती कुत्रे, कुणाच्या पायात बूट नाहीत. त्यांना कंटाळा आला की निघा.

११. बाहेर पडल्यावर

दीड-दोन तास झाले की थांबा, मग कायमचा संग्रह राहिला तरी राहू दे. अंगात ताकद असेलच तर त्याच कलावंताचं किंवा त्याच काळातलं एखादं काम संग्रहालयाच्या स्वतःच्या दालनात आहे का ते विचारा आणि तेवढंच पाहून या.

त्याच संध्याकाळी वहीत चार-पाच ओळी लिहा. कुठलं काम, त्याच्या शेजारी काय होतं, काय लक्षात राहिलं, काय कळलं नाही. क्युरेटरचा दावा पटला का. न कळलेल्या गोष्टीच पुढच्या वाचनाला उपयोगी पडतात. उसनं देणाऱ्या संग्रहालयाचं नावही लिहून ठेवा, म्हणजे पुढे कधी त्या शहरात गेलात तर ते चित्र कुठे भेटेल हे माहीत असेल.

कॅटलॉग, म्हणजे प्रदर्शनाचं पुस्तक, जड असतो आणि महागही. विकत घेण्याआधी दुकानातच चाळा. शेवटी प्रदर्शित कामांची यादी असते. प्रदर्शन दोन शहरांत होणार असेल तर कुठलं काम फक्त एकाच ठिकाणी दाखवलं जाईल तेही बहुधा तिथे दिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या शहरात जाण्याचा विचार असेल तर ही यादी आधी बघा. मोठ्या वाचनालयांत आणि कलाशाळांच्या ग्रंथालयांत जुने कॅटलॉग मिळतात. प्रदर्शन पाहिल्यानंतर त्यातला लेख वाचायला घेतला तर तो आधी वाचण्यापेक्षा कितीतरी सोपा जातो.

आणि प्रदर्शन तुमच्याच शहरात असेल तर संपण्याआधी एकदा परत जा. दुसऱ्या खेपेला नकाशा नको, पहिली फेरी नको. वहीतल्या ‘कळलं नाही’ या ओळींसमोरची दोन-तीन कामं पाहा आणि निघा. अर्धा तास पुरे होतो. वार्षिक सभासदत्व घेतलेलं असेल तर या अर्ध्या तासाला बहुधा वेगळं तिकीटही लागत नाही. वर्षातून दोन-तीन प्रदर्शनं पाहणाऱ्याने त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.